शक्करटेटी

महीच्या वाळूतलं फळ.
आम्ही बडोद्याची माणसं त्याला खरबूज म्हणत नाही,
घरात मराठीत बोलतानाही शक्करटेटीच.
सालीवर जाळी, जाळीच्या घरांत माती,
मातीत तो.

हेमांगीच्या डोहाळजेवणाला मीच कापली.
साल धुतली नाही. साल काय खायची असते?
सुरी जाळीतून गरात उतरली
आणि तिच्या पात्यावरून तोही.
उरलेल्या फोडी डब्यात, डबा फ्रिजमध्ये, तीन रात्री;
हेमांगीला थंडगार आवडायच्या.
चार अंशांवर बाकीचे जंतू
गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतात.
हा मात्र सावकाश दोनाचे चार करत बसला.
बत्तीस वर्षं मी प्रॅक्टिकलला मुलांना हेच सांगत आले,
फळ्यावर, खाली दोन रेघा मारून.

आतड्याचं अस्तर एका पेशीइतकं जाड असतं.
एवढ्यावरच आपण जगतो.
पेशी एकमेकींचे हात धरून उभ्या.
त्यातली एखादी थकते, सुटते,
अन्नाच्या वाटेवर गळून पडते.
दोघी शेजारणी पुढे सरकतात
आणि रिकाम्या जागेवर हात हातात घेतात.
घेईपर्यंत, क्षणभर, ते हात उघडे असतात.

तो दार फोडत नाही.
त्याच्या अंगावर एक प्रथिन आहे
नेमकं त्या हाताच्या मापाचं.
तो ते पुढे करतो.
पेशीला वाटतं, शेजारीण.
ती धरते, ओढून घेते, आणखी जवळ,
चेन लावावी तशी
तिची कातडी त्याच्याभोवती मिटत जाते.

आत त्याला एका फुग्यात कोंडतात.
फुगा आंबट व्हायला लागला की तो त्याला भोक पाडतो
आणि तिच्याच सांगाड्याच्या काड्या
आपल्या पाठीमागे रचत
शेपटीच्या धूमकेतूसारखा सुटतो
थेट पलीकडच्या घरात.
पहारा रस्त्यावर असतो.
तो रस्त्यावर येतच नाही.

आमच्या गल्लीत जागृतीबेन आणि मी
गच्चीच्या कठड्यावरून वाट्या देतो.
कढी तिकडून, पुरण इकडून.
चप्पल घालावी लागत नाही.

एकोणिसाव्या दिवशी ताप.
उन्हाचा असेल, म्हणाले सगळे.
मीही म्हणाले.
रक्ताची बाटली आमच्याच विभागात आली,
चिठ्ठीवर हेमांगी तेजस सुर्वे, आठवा महिना.
बशीवर दवाएवढे ठिपके उगवले.
मग नळी: अर्धवट गोठलेली जेली,
मधोमध सुई टोचायची, पंचवीस अंशांवर ठेवायची.
मे महिन्यात बडोद्यात पंचवीस अंश
फक्त डीनसाहेबांच्या केबिनमध्ये असतात.
कानजीभाईंनी नळी तिथे नेली,
पेपरवेटला टेकवून उभी केली.

सकाळी जेलीत छत्री उघडली होती.
पांढरी, नाजूक, एवढीशी.
दर वर्षी मुलांना दाखवताना
मी तिला सुंदर म्हणायचे.

औषध बदललं. वेळेवर, म्हणतात डॉक्टर.
पण वारेतल्या पेशीही
हात धरूनच उभ्या असतात.
मुलगी सव्वा महिना काचेच्या पेटीत होती.
बोट पुढे केलं की धरायची,
कोणाचं आहे ते न बघता.

हेमांगीला सांगितलंय, फळातून आलं.
कोणी कापलं, तिने विचारलं नाही.

परवा बाजारातून पुन्हा टेटी आणली.
गच्चीवरच्या नळाखाली धरून
ब्रशने घासत बसले, घर न् घर,
हात गार पडेपर्यंत.
जागृतीबेन कठड्यावर रेलून बघत होती.
म्हणाली, अरे, छाल खावानी छे के?